मंगरू बसून बोलला

अठरा वर्षं मी मंगरूची बायको होतो. म्हणजे रंगमंचावर. आमच्या शहापूरच्या नाट्यमंडळाची बाई आणायची ऐपत नव्हती आणि माझी दाढी विरळ. म्हणून लुगडं माझ्या वाट्याला आलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की आमचे प्रयोग लागायचे. मंगरू बेवड्याचं काम करायचा. विंगेतून त्याचा नुसता एक पाय आत आला, की मंडपभर शिट्ट्या. तो झिंगत येणार, मला लाथ मारायला जाणार आणि स्वतःच पडणार. काय दिवस होते ते! बैलगाड्या सोडून लोक भाताच्या तणसावर बसायचे, आणि एवढी माणसं आपल्यामुळे हसताहेत म्हटल्यावर आम्हाला थंडीसुद्धा वाजायची नाही. आजही मंडईचे दिवस आले की माझा जीव तुटतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला मंगरू थेंबही घेत नसे. ती चाल त्यानं गुत्त्यासमोर तासन् तास उभं राहून उचलली होती. पुढे एका गावच्या आयोजकानं "मूड येते" म्हणून त्याला मोहाच्या दारूचा ग्लास दिला. मग प्रत्येक गावात ग्लास तयार असायचा. एक माझ्यासाठीही. दोष कोणाला देऊ?

मला कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांनी दम भरला. त्याच सुमारास वरठीला स्टेशनाजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. दारू सोडायची इच्छा असलेल्यांची बैठक, रविवारी चार वाजता, शाळेच्या खोलीत. त्या खोलीत सहा वर्षांपूर्वी माझी दारू सुटली. मंगरूलाही कितीदा म्हटलं, पण तो ऐकेल तर शपथ! शेवटी त्याची बायको, आमच्या वच्छलावहिनी, लेकीकडे, खुशबूकडे, पवनीला निघून गेल्या. त्याआधी हा रोज सकाळी त्यांच्यासमोर रडायचा, आणाभाका घ्यायचा, आणि इतकं सुंदर रडायचा की त्यांना जास्तच राग यायचा. "तुमचं खरं कोणतं अन् नाटक कोणतं, मले तीस वर्षांत समजलं नाही," एवढं बोलून त्या एसटीत बसल्या. महिनाभरानं मंगरू माझ्या शिलाई मशीनसमोर येऊन उभा राहिला.

"ईश्वर, मले तिथं घेऊन चाल. वच्छला वापस आली पाह्यजे."

पहिल्या रविवारी काय झालं, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. मंगरू उठून म्हणाला, "माझं नाव मंगरू, अन् मी दारुडा आहो." मागून कोणी तरी शिट्टी मारली! तिथल्या निम्म्या लोकांनी त्याची नाटकं पाहिलेली. शिट्टी ऐकताच याचा डावा गुडघा आपोआप वाकला आणि पुढची दहा मिनिटं गड्यानं खोली डोक्यावर घेतली. परतताना गाडीवर मागे बसून मला म्हणतो, "जमलं ना गा?" मी गाडी थांबवून त्याला शिव्या घातल्या. त्या आठवड्यात तो दोनदा प्यायला.

तीन महिने हेच चाललं. शेवटी बैठक चालवणारे पुंडलिकराव, रेल्वेतून निवृत्त झालेला सरळ माणूस, त्याला म्हणाले, "मंगरूभाऊ, आजपासून तुम्ही बसून बोला. अन् हात मांडीखाली ठेवा."

मला वाटलं, हे काय भलतंच! पण त्यांनी बरोबर नस पकडली होती. मंगरूची सगळी कला पायांत. बसल्यावर त्याला काही सुचेना. "काल घेतली," एवढंच बोलला. आयुष्यात पहिल्यांदा समोर माणसं होती आणि हसत नव्हती. घामाघूम झाला बिचारा. तरी पुढच्या रविवारी माझ्याआधी तोच गाडीपाशी उभा. नंतर तो आणखी एकदा घसरला, मग नाही. परतीच्या रस्त्याला लागलो की आम्ही जुने संवाद म्हणायचो, मी बायकोचे, तो बेवड्याचे. ते दिवस नुसत्या चहावरही परत येतात, हे मला तेव्हा कळलं.

मागच्या मार्चमध्ये त्याला दारू सोडून वर्ष झालं. अशा दिवशी घरच्यांनाही बोलावतात. मी पवनीला जाऊन वहिनींच्या हातापाया पडलो. त्या आल्या, पण दाराजवळच्या बाकावर बसल्या. साडेपाचच्या गाडीनं परत जायचंय, असं आधीच बजावून ठेवलं होतं.

मंगरू बसूनच बोलला.

"खुशबू चार वर्षांची होती. ताप होता तिले. दवाखान्यात न्यायले वच्छलानं मले बोलावलं. मी झिंगतच आलो. गल्लीतले लोक हासले, त्याइले वाटलं तालीम करून राहिला. घरी मीही तेच सांगितलं. ते तालीम नव्हती. मी पेलो होतो. पोरीले उचलता येत नव्हतं मले."

नव्यानं आलेला एक जण फसकन हसला. त्यालाही वाटलं, आता गंमत येणार.

वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. "हासू नका, भाऊ. ते खरं सांगून राहिले."

मंगरूनं मान वर केली नाही. माझे डोळे भरून आले, त्यात लाजायचं काय? बैठक संपली तेव्हा सहा वाजत आले होते. वहिनींनी व्हरांड्यात जाऊन लेकीला फोन लावला.

"खुशबू, मी तिकडे येत नाही आज. घरी जाऊन राहिली."