दोन प्रोसेसरचं मशीन

मशीन विकणाऱ्यानं मला फसवलं. माल त्याचा होता, पारख माझी होती, आणि तरी फसलो मी.

हे आधीच लिहून टाकतो, कारण परभणीत लोक उलटं सांगतात. म्हणतात, हा स्वतः बाजारातला दलाल, ह्याला कोण फसवणार.

दलाल होतो हे खरं. पेडगावला आमच्या घरी शेळ्यामेंढ्या. वडिलांबरोबर जनावरांच्या बाजारात जाऊन रुमालाखाली बोटं दाबून भाव करायला शिकलो, आणि बरीच वर्षं त्यावरच जगलो. त्यातूनच परभणीत छापखाना उभा केला, कुणाच्या मेहरबानीनं नाही. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी कॉलेजांचे लेटरहेड नव्या नावानं छापायला आले, त्यावर छापखाना बरा चालला होता. पण ते काम एकदाच येणारं. माझं लक्ष बियाण्यांच्या पाकिटांवर होतं.

एका बियाणे कंपनीचे साहेब पाकिटांवरची चित्रं थोडी माझ्याकडं करून घेत, बाकीची हैदराबादला. ते स्वतः कॉम्प्युटरशेजारी बसत. बोंड आणखी पांढरं करा, मागची पानं धूसर करा, असं चालायचं. धूसर करायचा हुकूम दिला की पडद्यावर थांबण्याची खूण यायची आणि साहेबांचा चहा पिऊन, पेपर वाचून व्हायचा तरी ती हलायची नाही.

एकदा ते म्हणाले, "शेठ, माझ्यासमोर एका बैठकीत पाकिटं झाली तर सगळा हंगाम तुमचा. न्हाई तर मला हैदराबादच बरं."

सगळा हंगाम मिळाला असता तर छापखान्याला दुसऱ्या कुणाच्या दारात जायची गरज उरली नसती. म्हणून मी पूर्णेला गेलो. तिथं रेल्वेतल्या एका नोकरदाराचा मुलगा बाहेरून मशीन आणून विकायचा.

"काका, ह्याच्यात दोन प्रोसेसर हायेत," तो म्हणाला. "जोडी म्हणा ना. एक जेवढं ओढतंय, त्याच्या दुप्पट."

बाजारात बैलजोडी नुसती पाहून कुणी घेत नाही. गाडीला जुंपतात, चाकं दोरानं बांधतात आणि ओढायला लावतात. एखादा अंगचोर असला तर तिथंच कळतं. मी तेच केलं. कापसाच्या बोंडाचं चित्र फ्लॉप्यांत भरून नेलंच होतं. म्हणालो, दोघांनाही ओढायला लाव. त्यानं एकीकडं माझं चित्र धूसर करायला लावलं आणि दुसरीकडं एक लांबलचक हिशेब सुरू केला. दोन्ही कामं बरोबर चालली, एकामुळं दुसरं अडलं नाही. पडद्यावरच्या छोट्या चौकटीत दोन रेघा होत्या, एकेका प्रोसेसरची एकेक, दोन्ही वर टेकलेल्या. मी उपरणं पुढं केलं. त्यानं हसत त्याखाली हात घातला आणि सौदा झाला.

मशीन आलं. साहेब आले. आमच्या ऑपरेटर बाईंनी बोंडाचं चित्र उघडून हुकूम दिला आणि थांबण्याची खूण आली. चहा संपला. पेपर संपला.

साहेब म्हणाले, "जोडी आणली म्हणलात ना?"

बाईंनी ती रेघांची चौकट उघडली. एक रेघ वर टेकलेली होती, दुसरी तळाला सपाट.

"मालक, ह्यो एकटाच काम करायलाय," बाई म्हणाल्या. "दुसरा नुसता बसून हाय."

मी दुसऱ्या खिडकीत एक लेटरहेड उघडायला लावलं. तळाची रेघ जराशी उठली. साहेबांना लेटरहेड नको होतं. त्यांनी आणखी एक फेरी मारायचं कबूल केलं ते केवळ जुन्या ओळखीवर.

दुसऱ्या दिवशी पूर्णेला गेलो. मला येताना पाहून तो विकणारा टेबलामागं सरकला. माझा हात कसा चालतो हे त्यानं ऐकलं असावं. पण हात उचलावासा वाटलाच नाही. मी खुर्चीत बसलो आणि विचारलं.

त्यानं समजावलं ते असं. मशीनमध्ये प्रोसेसर दोन आहेत, पण चित्राचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ते एकासाठीच लिहिलंय. एका चित्राचे तुकडे करून दोघांत वाटून द्यायचं त्याला माहीतच नाही. दोन वेगळी कामं दिली तर दोन्ही चालतात, एकच दिलं तर एकच.

"तुला हे ठाऊक होतं?"

"होतं की. तुमी दोघांना ओढायला लाव म्हणलात, म्या लावलं. एकाच चित्राला लाव असं म्हणलात का?"

ज्याला गाडी एकच असते तो जोडी कशाला घेतो, हे त्याला कळत होतं. मी उठलो. निघताना त्यानंच उपाय सांगितला: चित्र हातानं मधोमध कापा, प्रोग्राम दोनदा उघडा, वरचा भाग एकात चालवा, खालचा दुसऱ्यात, मग जोडा.

बाईंनी तसं केलं. दोन्ही रेघा वर टेकल्या. साहेबांचा चहा कपात असतानाच दोन्ही भाग झाले. बाईंनी ते जोडले आणि त्या माझ्याकडं बघून हसल्या. मीही हसलो असेन.

साहेब पडद्याजवळ वाकले. धूसर करताना प्रत्येक भागाला पलीकडच्या भागाचे रंग दिसत नव्हते, त्यामुळं कडा नीट मिसळल्या नव्हत्या. जोडाची बारीक आडवी रेघ पानांवरून निघून थेट बोंडाच्या पांढऱ्यात शिरली होती.

"बोंड चिरलंय, शेठ. शेतकरी म्हणंल, पाकिटावरच किडकं दाखवायलेत."

बाईंनी ती रेघ बोटभर पुसून दाखवली. प्रत्येक पाकिटाला असंच पुसत बसायचं तर पहिल्यापेक्षा जास्त वेळ. साहेबांनी आपले फोटो पिशवीत भरले. मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते पावसाबद्दल बोलले. मी हो हो म्हणत होतो. परत येऊन दुकानात बसलो, बाईंना लेटरहेडचं काम सांगितलं आणि संध्याकाळी जेवलोही. राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही, अजून आलेला नाही.

त्या हंगामाची पाकिटं हैदराबादला झाली, पुढच्याही.

लोक म्हणतात, सॉफ्टवेअरवाल्यांची चूक. ते परदेशात बसलेत, त्यांना मी माहीत नाही आणि त्यांनी मला काही विकलं नाही. ज्यानं विकलं तो पूर्णेत आहे, दुकान उघडतो, लोकांना काका म्हणतो. साहेब माझ्या दारातून गेले, त्याचा जबाब त्यानं द्यावा. चारचौघांत, माझ्यासमोर बसून द्यावा.