नानांचा एकच लेख

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी प्रबंधाच्या कामाला जायचो, तेव्हा त्या बाई एकदाच भेटल्या. पन्नाशीच्या असतील. नेकनूरहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. माझ्या बोलण्यावरून मी बीडकडचा हे त्यांनी ओळखलं आणि मोबाइल पुढं केला. लेकीच्या कॉलेजच्या पुस्तकातल्या संदर्भसूचीचा फोटो होता. त्यात त्यांच्या वडलांचं नाव होतं.

“आमचे नाना मास्तर होते. रानातल्या मातीला आपल्याकडं काय काय म्हणतेत, त्यावर एकच लेख लिहिलता. घरचा अंक वाळवीनं खाल्ला. हितं कंपूटरवर नानांचं नाव टाकलं, तर काहीच न्हाई.”

“लेख असा नावावर सापडत नाही, ताई. नोंदीत मासिकाचं नाव आहे ना, ते आधी शोधायचं. मग वर्ष, अंक, पान.”

तळमजल्यावर त्या वर्षाचा बांधलेला खंड मिळाला. अनुक्रमणिकेत नाना होते. बाईंनी पदराला हात पुसून त्या नावावरून बोट फिरवलं आणि मला पान काढायला सांगितलं.

पानं नव्हती. तेवढाच लेख कुणीतरी ब्लेडनं कापून नेला होता.

मी ग्रंथपालांकडं निघालो, तर बाईंनी थांबवलं. “ऱ्हाऊ द्या. कुणाला तरी लई आवडला आसंल.”

दुसरीकडं अंक शोधू, असं मी म्हणालो. पुढं शोधलाही, पण मिळाला नाही. त्या मात्र कापलेल्या कडेवर अंगठा फिरवत बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं,

“पण झेरॉक्स तर हितं दारातच निघती की. मंग कापला कशाला?”