दंड धरून पाहणारी मोठीमाय

मोठीमायने कुणाला "कसा आहेस" असं विचारल्याचं मला आठवत नाही. ती सरळ दंड धरायची. तुम्ही मोटारसायकल स्टँडवर लावत असा, हातात आंब्यांची पिशवी असो की अंगात लग्नाचा नवा सदरा असो, ती अंगणातून चालत यायची, कोपराच्या वर बोटं रुतवायची आणि क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. मग निकाल लागायचा. निकाल बहुधा एकच असे, "वाळला बापा."

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको, म्हणून मोठीमाय. राहायची सिहोऱ्याच्या पलीकडे, आमच्या गावी. आता आमच्या घराण्यात वाळलेलं असं कुणी शोधूनही सापडलं नसतं. आम्ही दोन वेळा पोटभर भात खाऊन तिथेच आडवी होणारी माणसं. माझ्या धाकट्या भावाला लग्नातला कोट शिंप्याकडून दोनदा उसवून घ्यावा लागला होता, पण मोठीमायच्या बोटांना तोही वाळलेलाच लागे. नव्या सुना तर तिला दिसल्या की हात पाठीमागे लपवत.

आणि ती नुसतं बोलून थांबत नसे. दंड मनासारखा भरला नाही, तर त्या माणसाला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला जावंच लागे. अर्धं गणगोत तिने असं पाठवलं. एकदा तर पुतणीला पाहायला आलेल्या पाहुण्याचा दंड धरला आणि चहाची कपबशी देता देता त्याला दवाखान्याचा रस्ता सांगितला. सोयरीक अर्थातच मोडली. पाठवलेल्यांपैकी कुणालाच काही निघत नसे. तिला त्याचं काही वाटत नसे. म्हणायची, "नाही निघालं तं बरंच झालं न. कोनाचं काय गेलं?"

मी त्या वेळी पंचेचाळिशी ओलांडलेला, वरठीतल्या एका शाळेत लिपिक. माझं पोट टेबलाच्या खणाआड यायचं, म्हणून मी खण उघडणंच सोडलं होतं. बायकोने भात कमी केला, संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्याने चालायला लावलं. पहिले काही महिने काट्यावर ढिम्म फरक नाही. मग अचानक वजन उतरायला लागलं. पँटी ढिल्या झाल्या, पट्ट्याला नवी भोकं पडली. हे सगळं माझ्या मनोनिग्रहाने झालं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी शाळेतल्या शिक्षकांना मधल्या सुटीत आहारावर भाषणं देऊ लागलो. संध्याकाळी अंग कढत लागायचं, ते चालण्यामुळे. घाम यायचा, तोही चालण्यामुळे. खोकला यायचा, तो रस्त्यावरच्या धुळीमुळे. सगळ्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

त्या उन्हाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नात मी मिरवून घेतलं. जो तो म्हणे, काय राव, दहा वर्षांनी लहान दिसता. मी लाजल्यासारखं करत होतो. तेवढ्यात मोठीमाय आली आणि तिने दंड धरला. या वेळी ती "वाळला" म्हणाली नाही. तिने दुसराही दंड धरला. मग मांडवातल्या चार माणसांसमोर म्हणाली, "पोट तं तू उतरवलं म्हणते. मंग दंड कोनं उतरवला?"

मांडव हसला. मीही हसलो, आणि स्नायू, चरबी वगैरे काहीतरी शास्त्रीय बोललो. पण दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन सुरू झाला. तिला नंबर लावता येत नसे. ती शेजारणीला पकडून लावून घेई आणि एवढंच विचारी, "गेलता का?" रोज. शेवटी कंटाळून मी गेलो. माझा बेत असा होता, की चांगला रिपोर्ट हातात आला की तो चौकटीत घालून तिच्या भिंतीवर टांगायचा आणि सगळ्या घराण्याची या छळातून सुटका करायची.

रिपोर्टमध्ये टीबी निघाला.

खरं सांगतो, तो निरोप तिला फोनवर देताना मला भीतीपेक्षा हरल्याचंच दुःख जास्त होतं. इतक्या वर्षांत तिचा अंदाज पहिल्यांदाच खरा ठरला होता आणि तिला तो नको होता. ती एवढंच म्हणाली, "येतो मी."

भीती दवाखान्यात वाटली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या समजावल्या, घरातल्या सगळ्यांना तपासून घेतलं आणि मग मला काट्यावर उभं केलं. आकडा पाहून त्यांनी मान हलवली. गोळ्या त्यांचं काम करतील, म्हणाल्या, पण वजन वाढायला हवं. पहिल्या एक-दोन महिन्यांत ज्याचं वजन वाढत नाही, त्याचीच आम्हाला जास्त काळजी असते. काट्यावरचा आकडा खाली गेला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी. तोच आकडा आता वर यावा म्हणून देवाला हात जोडायचे होते.

मोठीमाय एसटीने आली. बोचक्यात तांदूळ, जवसाची चटणी आणि बोडीतल्या, म्हणजे गावच्या लहान तळ्यातल्या, सुकवलेल्या मासोळ्या. गोळ्यांनी माझी भूक पार गेली होती, अन्नाच्या वासानेच मळमळायचं. शेजारीपाजारी सल्ले घेऊन येत होते: डाळ देऊ नका, मासोळी तर नकोच, नुसती पेज द्या, छाती हलकी राहते. मोठीमाय त्यांना चहा पाजायची आणि फाटकापर्यंत पोचवून यायची. मग आत येऊन मासोळ्या तव्यावर टाकायची.

दवाखान्याने उघड्यावर बसायला आणि तोंडाला रुमाल बांधायला सांगितलं होतं, म्हणून आमची पंगत अंगणात बसे. या कडेला मी, त्या कडेला कडुनिंबाखाली ती, मधे वाळत घातलेले कपडे. तिचा नियम साधा होता. मी एक घास घेतल्याशिवाय ती घेत नसे. मी रुमाल वर करून घास तोंडात घातला की ती आपला घालायची. मी थांबलो की तीही हात ताटात तसाच ठेवून थांबायची. सत्तरी ओलांडलेली बाई उपाशी बसलेली बघून कोण गिळणार नाही? मी मनात तिला शिव्या घालत गिळायचो.

दवाखान्याचा काटा तिला पटत नसे, कारण तो फारच लहान होता. बाजाराच्या दिवशी ती मला घरामागच्या राईस मिलमध्ये नेई आणि धानाच्या काट्यावर उभं करी. इकडे धानाची पोती, तिकडे पोती, मधे मी. पहिल्या वेळी तिथला हमाल गंभीरपणे म्हणाला, "काकाजी, बारदाना कापाचा का?" पोत्याचं वजन वजा करतात तसं माझ्या कपड्यांचं. मी हसलो. मोठीमाय हसली नाही. म्हणाली, "काप. पुरा काप." मला चप्पल, सदरा, घड्याळ, सगळं काढावं लागलं. गिरणीतली धान विकायला आलेली माणसं बघत होती. मी पोटावर हात धरून उभा राहिलो, जुनी सवय. तिथे आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या बाजारी काटा आणखी खाली गेला. त्या दिवशी घरी येऊन मी ताट सरकवलं आणि म्हणालो, मोठीमाय, हे काही माझ्याच्यानं होणार नाही.

ती ओट्यावर बसली. मोठेबाबांबद्दल, म्हणजे आपल्या नवऱ्याबद्दल, ती कधी बोलत नसे. एवढंच आम्हाला माहीत होतं, की ते चिखल्याच्या खाणीत कामाला होते आणि तरुणपणीच गेले. ती म्हणाली, त्यांनाही हेच झालं होतं. गोळ्या मिळत होत्या, तिने एक चुकवली नाही. पण सगळे म्हणाले पथ्य पाळ, म्हणून तिने पथ्य पाळलं. डाळ बंद, मासोळी बंद, नुसती पेज. ते वरण मागायचे आणि ती द्यायची नाही.

"गोळ्या होत्या रे बापू," ती म्हणाली. "गोळ्या धरायले आंग नव्हतं. मीनंच नाही ठेवलं."

मी ताट परत ओढलं. त्या दिवशी सगळं संपवलं, असं म्हणणं खोटं होईल. निम्मं ओकलो. मग तिने तांदळाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, केले, ते खाल्ले.

दिवाळीच्या आधीच्या बाजारी नवं धान यायला लागलं होतं, गिरणीत धूळच धूळ. हमालाने आता न विचारताच बारदाना कापला आणि काट्याकडे वाकून पाहिलं. मग दुसऱ्यांदा पाहिलं. "वाढला, मोठीमाय," तो म्हणाला. फार नव्हतं, पण पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या लहान काट्यानेही तेच सांगितलं. मोठीमायने गिरणीतच माझा दंड धरला, डोळे मिटले, आणि आमच्या घराण्याने तिच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द उच्चारला.

"भरला."

माझा औषधाचा कोर्स पुरा झाला आणि मी बरा झालो. मोठीमाय पुढे काही वर्षं गावी दंड धरत राहिली. फरक एवढाच, की आता नव्या सुनाही हात लपवत नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला लागली. रोग काही नव्हता, वय झालं होतं. मी गेलो तेव्हा ती ऊन खात बाजेवर पडली होती. मी जवळ बसलो आणि तिचा दंड धरला. माझी बोटं एकमेकांना भेटली.

"वाळली व मोठीमाय," मी म्हणालो.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे, म्हणजे मुख्यतः माझ्या पोटाकडे, समाधानाने पाहिलं. म्हणाली, "वाळली नाही. माहं सारं तुह्या आंगावर ठेवलं."

आठ दिवसांनी ती गेली.

आता पट्ट्याची नवी भोकं सगळी बुजली आहेत आणि टेबलाचा खण पुन्हा उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, पाच-सहा किलो उतरवा. बायको तर रोजच म्हणते. चालायला मी जातो, भातही कमी केला आहे, पण फार नेट लावत नाही. त्यांना कसं सांगू, त्यातलं सगळंच काही माझं नाही.