कार्पेटवरचं जातं

बाजरीच्या पिठाची पिशवी उघडली की त्या वासाबरोबर मला मिशिगनच्या विद्यापीठातला एक वर्ग आठवतो. ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन नुकतीच तिकडे गेले होते आणि नवऱ्याच्या आग्रहाने मध्ययुगीन इस्लामच्या कोर्सला बसत होते, पण इंग्रजीच्या भीतीने वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दुपारी बाहेर बर्फ पडत होता, हीटर गुरगुरत होता आणि प्रोफेसरबाई सांगत होत्या की दख्खनच्या सूफींनी जात्यावरची गाणी रचली, म्हणून मदरशाची पायरी न चढलेल्या बायकांच्या तोंडीही त्यांची शिकवण आली. "दळताना गायचं? दम नाही लागत?" एका उंच मुलाने विचारलं. माझा हात आपोआप वर गेला. "आय विल शो," म्हणत मी कार्पेटवर बसले, त्याला समोर बसवलं, नकाशा दाखवायची काठी दोघांच्या मुठीत उभी धरली आणि आईची ओवी सुरू केली. तो उलटं फिरवायला लागला तसा वर्ग खो खो हसला. मग त्याला ताल सापडला. बाईही खाली येऊन बसल्या आणि माझ्या ओळीच्या शेवटी त्यांनी, सूफींच्या गाण्यांत असतं तसं, हळूच 'अल्लाह' म्हटलं, ते फेऱ्यात अगदी चपखल बसलं. पुढच्या फेऱ्याला सगळा वर्गच ते 'अल्लाह' गायला लागला. "दम कुठे लागतोय? गाणंच फिरवतंय!" तो मुलगा ओरडला. त्या दिवशी गाडीत मी घर येईपर्यंत बोलत होते, तेही इंग्रजीत, आणि नवरा नुसता हसत ड्राइव्ह करत होता. हल्ली नात म्हणते, "आजी, यू टॉक टू मच!" मला ते फार आवडतं.