वडनेरवालीचा फोटो

दादाशी माझं जे शेवटचं बोलणं झालं, त्यात मी त्याच्याशी खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात दुपारची वेळ होती, वहिनी चहा प्यायला खाली गेली होती आणि मी खुर्चीत बसून पेपर चाळत होते. मला वाटलं त्याचा डोळा लागलाय. तेवढ्यात डोळे न उघडताच तो म्हणाला, "मंदे, वडनेरवालीचा फोटो देला काय?" मी म्हटलं, "देला." खरं तर ते पाकीट त्याच्याच घरी कपाटावरच्या कापडी पिशवीत पडलेलं होतं. वाटलं, एवढ्यावर सुटले. पण दादा कसला सोडतो... "काय म्हने मंग?" आता आली का पंचाईत. मी म्हटलं, "काय म्हनन? हासली. पदर लावला तोंडाले." त्याच्या ओठांवर जरासं हसू आलं. "बेस झालं," म्हणाला, आणि खरंच झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. तेरवीला येणारा प्रत्येक माणूस म्हणत होता, चेहरा किती शांत होता हो, काहीच मागं राहिलं नव्हतं त्यांचं. मी मान हलवत होते आणि आतून जळत होते.

प्रभाकरदादा माझा सख्खा मोठा भाऊ. आमचं माहेर आर्वीचं. मी वर्ध्याला बांगड्या-कटलरीच्या दुकानात दिली गेले, आणि पुढं दादानंही वर्ध्यातच बी-बियाण्याचं दुकान टाकलं. दिवसभर कपाशी, तूर, सोयाबीनच्या पिशव्या, आणि गल्ल्याखालच्या खणात कॅमेरा. दुकानदाराला एवढा महागडा नाद परवडतो का, असं मी त्याला तोंडावर विचारलं होतं. मी तोंडाची फटकळच आहे. तो म्हणाला, तू भिशी लावते, मी फोटो काढतो, दोघंही सुखी.

नाचणाऱ्यांचे फोटो काढायचं खूळ मात्र माझ्या मुक्तामुळं त्याच्या डोक्यात शिरलं. मुक्ता, माझी पोरगी, भरतनाट्यम शिकत होती. क्लासच्या कार्यक्रमाचे फोटो मामानं काढायचे असं ठरलेलं, पण त्याला ते कधी पटले नाहीत. पडद्यापुढं सगळ्या पोरी सारख्याच दिसतात म्हणायचा. एकदा तो तिला क्लासवरून स्कूटरवर आणत होता, आणि वहिनीनं सांगितलेलं दळण घ्यायला वाटेत चक्कीवर थांबला. दळण व्हायला वेळ होता. मुक्ता प्रॅक्टिसच्या साडीतच होती. उभ्याउभ्या तिनं त्या दिवशीचा तुकडा पुन्हा करून बघायला सुरुवात केली. चक्कीवाला बघतच राहिला. डबा भरला, पीठ बाहेर सांडायला लागलं तरी त्याचं लक्ष नाही. दादानं तो फोटो घेतला. फोटोत मुक्ता जेमतेम अर्धी आहे. मधोमध आहे तो चक्कीवाला, भुवयांपर्यंत पिठानं माखलेला, आणि असा चेहरा की बायकोनंसुद्धा त्याचा तो कधी बघितला नसेल.

तिथून सुरू झालं. मुक्ता, तिच्या क्लासमधल्या दोन पोरी, एकदा तर गावच्या दंडारीच्या खेळात बाईचं सोंग घेऊन नाचणारे एक सत्तरीचे म्हातारे. यांना घेऊन दादा एसटी स्टँडवर जायचा, रेल्वे फाटकावर जायचा, बँकेच्या रांगेसमोर जायचा. माझ्या सासरी यावरून कमी बोलणी झाली नाहीत. मीही एकदा भांडले त्याच्याशी. म्हटलं, भर बाजारात पोरगी नाचवतोस, लोक काय म्हणतील? तो शांतपणे म्हणाला, "मंदे, मी पोरीचा फोटो काढतच नाई. ते नाचते म्हनून लोक पाह्यतात, आन् मी त्या पाह्यनाऱ्याइचा काढतो. एरवी त्याइच्याकडं कोन पाह्यते?" मला त्या वेळी हे काही पटलं नव्हतं. पटलं ते खूप नंतर, त्याचे सगळे फोटो एका बैठकीत बघितले तेव्हा.

त्याची एक पद्धत होती आणि ती तो मोडत नसे. आधी एकटा जाऊन प्रत्येकाजवळ बसायचा, चहा पाजायचा, विचारायचा, तुमचा चेहरा फोटोत आला तर चालेल का? आणि हातातलं काम थांबवू नका. फोटो झाला की त्याच्या मागच्या बाजूला नावं लिहायची, आणि ज्याचा ज्याचा चेहरा आला त्याच्या हातात आठ दिवसांत एकेक प्रत नेऊन द्यायची. पोस्टानं नाही, कुणाबरोबर नाही, स्वतः. एका कंडक्टरसाठी तो तीन दिवस स्टँडवर पाकीट घेऊन उभा होता, कारण त्याची ड्यूटी बदलली होती. वहिनी वैतागून म्हणायची, एवढी वाट तर माझी लग्नाआधी पाहिली नाही. पण चेहरा घेतला तर तो परत द्यायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

फक्त एक चेहरा राहिला.

तीन वर्षांमागं वर्ध्याच्या भाजीबाजारात काढलेला तो फोटो आहे. मेथीच्या जुड्यांचा ढीग, ढिगापुढं एका पायावर मुक्ता, आणि ढिगामागं एक साठीची बाई. ती जुड्यांवर पाणी शिंपडते आहे, पण डोळे मुक्ताच्या पायावर रोखलेले, कारण पोरगी मेथीत पाय देते का काय याची तिला धास्ती. "माह्या मेथीवर नको पडजो वो बाई," असं ती तीनदा म्हणाली होती, हे मुक्ता अजून सांगते. फोटोच्या कडेला तराजू धरलेला आणखी एक हात आला आहे, बाकीची बाई बाहेर. दादानं मागं लिहिलं, "वडनेरवाली, मेथी." नाव विचारलं तर ती म्हणाली होती, मले सगळे वडनेरवालीच म्हन्तात.

आठ दिवसांनी दादा पाकीट घेऊन गेला तर तिची जागा रिकामी, शेजारचीही रिकामी. लसणवाला म्हणाला, वडनेरवाली काही आली नाई बा आज. त्यापुढच्या आठवड्यातही नाही. मग दादा वडनेरला गेला. वडनेर कुठं, हिंगणघाटच्याही पलीकडं. तिथं त्याच्या ओळखीची दोन कृषी केंद्रं होती, तिथं फोटो दाखवला, पानठेल्यावर दाखवला. कुणी ओळखेना. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेनंतर त्याचं दुखणं निघालं आणि फिरणं बंद झालं. मग ते पाकीट माझ्या गळ्यात आलं. "तू जाऊन येजो," म्हणाला. मी हो म्हटलं आणि दुकान, लग्नसराई, गुडघे अशी कारणं सांगत राहिले. आज जाते, उद्या जाते... आणि शेवटी दवाखान्यात ते खोटं.

तेरवी झाल्यावर वहिनीनं ती कापडी पिशवी माझ्यापुढं ठेवली. "एवढं एकच राह्यलं," म्हणाली. दवाखान्यात मी काय बोलले हे तिला माहीत नव्हतं. मला रडूही येईना. ज्या माणसानं जन्मभर एकाही माणसाला फसवलं नाही, त्याला मी फसवून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान नवऱ्यावर सोडून मी वडनेरची एसटी धरली.

दादा पुरुषांना विचारत फिरला होता. मी बायकांकडं गेले. एका घरापुढं दोन-तीन बाया तूर निवडत बसल्या होत्या, त्यांच्यात एक खूप म्हातारी. मी म्हटलं, "आजी, तुमच्या गावची वडनेरवाली पाहिजे, भाजी विकते." म्हातारी माझ्याकडं असं बघायला लागली जसं काही माझं डोकं फिरलंय. "अव बाई, वडनेरवाली वडनेरात कायले भेटन? अठी तं आमी सगळ्याच वडनेरच्या. वडनेरवाली सासरी असन तिच्या." त्या बाया पदरात तोंड खुपसून हसल्या, आणि मी तिथंच ओट्यावर बसले. वाचणाऱ्या बायकांना हे केव्हाच कळलं असेल. मला स्वतःला सासरी तीस वर्षं "आर्वीवाली" म्हणतात, माझं खरं नाव माझ्या जावेला आठवावं लागतं, आणि मला ही अक्कल सुचू नये? शिवाय वडनेरची बाई हिंगणघाटचा बाजार सोडून वर्ध्याला मेथी घेऊन कशाला येईल, एवढंही आम्हा दोघा दुकानदार भावंडांच्या डोक्यात आलं नाही. म्हातारीनं फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "हे शेवंता होय. आमच्या गल्लीतली पोट्टी. आंजीले देली होती तिले." आंजी. मोठी आंजी. माझ्या दारातून एसटीनं जेमतेम पाऊण तास.

आंजीच्या बाजाराच्या दिवशी गेले. शेवंताबाई सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गुडघे धरले म्हणून तिनं वर्ध्याला येणं सोडलं होतं आणि गावातच दुकान लावत होती, पुढं मेथी, मागं ती. मी पाकीट दिलं. तिनं हात लुगड्याला पुसले, फोटो बाहेर काढला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. हसली नाही, पदरही लावला नाही. मान वर केली ती रागानंच. "आठ दिवसानं आनून देतो म्हने तो भाऊ. तीन वर्सं झाले. लोकाइनं मले फेकाडी करून ठेवलं, मालूम हाये तुमाले?" झालं होतं असं की तिनं त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं, माझ्या मेथीपुढं एक पोट्टी नाचली आणि माझा फोटो निघाला. कुणाचाच विश्वास बसला नाही. सून हसली, बाजार हसला. तेव्हापासून कुणी काही वाढवून सांगितलं की म्हणायचे, शेवंताच्या फोटोसारखं होय हे. "भाऊ कोठी हाये? त्यालेच इचारतो आता."

मी सांगितलं, मी त्याची बहीण, त्या नाचणाऱ्या पोरीची आई, आणि तो गेला. तुम्हाला शोधायला तीनदा वडनेरला जाऊन आला, आणि मग आजारी पडला.

फोटो मांडीवर ठेवून ती म्हणाली, "वडनेरले? वडनेरले कोन हाये माहं आता..." तिचा राग कुठल्या कुठं गेला. "मी तं त्यालेच खोटा म्हनत राह्यलो बाई. तीन वर्सं शिव्या देल्या त्याले." मी म्हटलं, आजी, त्याच्याशी खोटं तर मीही बोलले. आणि दवाखान्यातली ती गोष्ट मी पहिल्यांदा कुणाला सांगितली असेल तर त्या मेथीच्या ढिगाशी बसून, एका अनोळखी बाईला. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "आता तं देला ना? मंग?"

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. बाजारात कोण कुणाकडं बघतं.

पण तिचं काम व्हायचं होतं. माझं मनगट धरून ती उठली आणि गुडघ्याचं दुखणं विसरून दुकानोदुकानी निघाली. "पाहा, हे मी. हे पोट्टी. अन् हे तिची माय, इचारा." मी साक्षीदारासारखी मान हलवत होते. शेवटी ती एका वांगीवालीपुढं थांबली. चिंधाबाई म्हणून तिची जुनी मैत्रीण, वर्ध्याच्या बाजारात तिच्याच बाजूला बसणारी, आणि तिच्याबरोबरच वर्ध्याला जाणं सोडलेली. शेवंताबाईनं फोटोच्या कडेवर बोट ठेवलं. "हा हात कोनाचा व चिंधे?"

चिंधाबाईनं आपला उजवा हात फोटोशेजारी ठेवला. मनगटावरचं गोंदण तेच, तसंच. मग हळूच म्हणाली, "मले त्यानं इचारलंच नाई ना. सगळ्याइले चहा पाजला, सगळ्याइले इचारलं. मले म्हने मावशी, तुमी फोटोत नाई येत. मंग लोकाइनं इचारलं तं मीबी म्हनलं, मी नाई पाह्यलं काही." तीन वर्षं सोबत बाजार करून, एका डब्यातलं खाऊन, ही बाई नाही पाहिलं म्हणत राहिली होती. शेवंताबाई तिला बोलायला तोंड उघडणार होती, पण मीच मधे पडले. म्हटलं, चूक माझ्या भावाची. त्याला वाटायचं, चेहरा आला तरच माणूस फोटोत आला.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी वर्ध्यापर्यंत गाढ झोपले. दादा गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती. उतरल्या उतरल्या लॅबमध्ये गेले आणि त्याच फोटोची आणखी एक प्रत काढायला टाकली. पाकिटावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "चिंधाबाई, मुक्काम आंजी मोठी. हात." लॅबवाल्यानं विचारलं, ताई, हात म्हणजे? म्हटलं, तू काढ.

पुढच्या बाजाराला जाऊन पाकीट तिच्या हातात दिलं, दादासारखंच, कुणाबरोबर न पाठवता. चिंधाबाईनं ते जपून उघडलं, फोटो उलटसुलट बघितला. मग वांगी तशीच टाकून उठली, आणि चार दुकानं ओलांडून सगळ्यात आधी तो शेवंताबाईलाच दाखवायला गेली.