लाल पट्ट्यातली तीन मिनिटं

विशानं हात वर केला आणि आम्ही दोघी गप्प झालो. सकाळचे सव्वानऊ वाजून गेले होते. मी आणि सून कमल तुरीच्या शेंगा सोलत होतो, विशा समोर बाजेवर बसला होता. भिंतीवरच्या त्याच्या घड्याळाचा मोठा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. त्यामुळं आम्हाला नवल वाटलं नाही...

विश्वनाथ माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन दीड महिना झाला. आमच्या खटकचिंचोळीत समुद्र पाहिलेला माणूस शोधावा लागेल, आणि ह्यानं सगळी नोकरी समुद्राकाठच्या रेडिओ ठाण्यात काढली. कानाला यंत्र लावून जहाजांचे टकटक निरोप ऐकायचे आणि लिहून घ्यायचे, हे त्याचं काम. तिथं एक नियम होता. दर तासाला पंधराव्या मिनिटापासून तीन मिनिटं आणि पंचेचाळिसाव्यापासून तीन मिनिटं, जहाजांनी आणि ठाण्यांनी मुकं राहायचं. बुडणाऱ्याची हाक बारीक असते, गलक्यात ती ऐकू येत नाही. विसर पडू नये म्हणून घड्याळावरच दोन लाल पट्टे रंगवलेले.

पुढं उपग्रह आले, टकटक संपली, ठाणं बंद झालं. यंत्रं उपटून ट्रकात टाकली तेव्हा विशा तिथं उभा होता. साहेबाला विचारून त्यानं घड्याळ तेवढं मागून घेतलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. माझ्याकडं राहायला आला तो घड्याळ आणि नियम दोन्ही घेऊन. काटा लाल पट्ट्यात आला की याचा हात वर. भांडण असलं तरी अर्ध्यात तोडायचं, मिक्सर बंद करायचा. पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचे.

मी चिडायचे. "कामून गप बसवायलास रे? हितं मांजरा नदीत कोणतं जहाज बुडायलंय?"

"बुडणारा सांगून बुडतो व्हय, अक्का?"

"मग तू बस कान लावून. मला वरण शिजवायचंय."

"वरणाला तोंड लागत न्हाई. गप शिजव."

एकदाच त्यानं सांगितलं होतं. तिसरं मिनिट संपत आलं असताना एका लहान जहाजाची हाक त्याच्या कानावर आली. माणसं वाचली.

त्या सकाळी आम्ही खाली मान घालून शेंगा सोलत राहिलो. मी एकदा वर पाहिलं. त्याचा दुसरा हात बाजेची दोरी आवळून होता, तोंड उघडं होतं. विचारावं असं वाटलं... पण मधेच बोललं की तो दिवसभर रुसायचा. मी काट्याकडं बघत बसले. काटा हलता हलेना. पट्टा संपला तशी कमल म्हणाली, "मामा, चहा टाकू का?"

हात खाली पडला होता. तो आम्हाला गप्प करत नव्हता, बोलावत होता. भालकीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बघितलं आणि मान हलवली.

तीन मिनिटं आधी कळून काय झालं असतं, असं लोक म्हणतात. कदाचित काहीच झालं नसतं. पण विशा गप्प बसायचा तो ऐकायला. आम्ही नुसत्या गप्प बसलो.

कमल घड्याळ काढू म्हणत होती. मी काढू दिलं नाही. आता काटा लाल पट्ट्यात आला की मी हातातलं काम टाकते आणि घरात जो असेल त्याच्याकडं बघते. परवा कमल वैतागली.

"काय बघायलाव, आत्या?"

"बोल काहीतरी."

"बरी हाय मी."

"मग शिजव तुझं वरण."