हॅरल्डकाकांच्या फोटोला हार

सांगते, पण आधी तो चहा गिळा. मागच्या हळदीकुंकवाला हाच किस्सा सांगत होते, तर सुनंदामावशींना असा ठसका लागला की त्यांची पाठ थोपटायला तिघी धावल्या. एवढा मोठा घोळ मी आयुष्यात दुसरा घातलेला नाही. आणि घोळ घालण्यात मी काही कमी नाही, हे तुम्हाला माहितीच आहे!

मंदारला फार्गोला नोकरी लागली आणि आम्ही जर्सी सिटीतला बाविसावा मजला सोडून नॉर्थ डकोटात आलो. इथे बाविसावा मजला सोडाच, दुसरा मजला दिसला तरी मला भरून यायचं. बघावं तिकडे सपाट शेतं आणि वर आभाळच आभाळ. दोन महिन्यांत मला वेड लागायची पाळी आली, तेव्हा मंदारने कॅमेरा आणून दिला. म्हणाला, "शनिवारी-रविवारी जरा बाहेर पडत जा."

झालं! आता मला वेगळंच वेड लागलं. शनिवार उजाडला की गाडी काढायची आणि खडीच्या रस्त्यांनी भटकत सुटायचं. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो, आपणही बोट उचलायचं. आणि मोडकं काही दिसलं की थांबायचं. कलंडलेली कोठारं, गंजलेले ट्रॅक्टर, बंद पडलेल्या शाळा. जितकं जास्त मोडकं, तितकी मी जास्त खूश! सगळं ब्लॅक अँड व्हाइट. खाली एखादी उसासा टाकणारी ओळ. ग्रुपवर लोक बदाम पाठवायचे आणि मी हवेत.

अशीच एकदा एका पडक्या कोठाराचा अँगल घ्यायला रस्त्याकडेच्या चरात पालथी पडले होते. मागे पिकअप थांबला.

"बाई, पडलात का? लागलं का कुठे?"

तेच हॅरल्डकाका. इथे सगळे नावानेच हाक मारतात, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नुसतं हॅरल्ड म्हणायला माझी जीभ वळत नाही. मनातल्या मनात का होईना, काका लागतंच. कोठार त्यांचंच होतं. स्वभाव इतका हसरा की बोलायच्या आधीच हसायला सुरुवात. मी म्हटलं, तुमचा एक फोटो काढू? तर गडी बत्तीशी दाखवून उभा!

"हसू नका!" मी ओरडलेच. "टोपी काढा. तिकडे लांब बघा. काहीतरी हरवल्यासारखं."

"काय हरवलंय?"

"काहीही हो!"

"सकाळपासून चष्मा सापडत नाहीये."

"हां, मग तोच शोधा!"

फोटो काय आला म्हणून सांगू! मागे मोडकं कोठार, वर काळे ढग, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि नजर कुठेतरी पलीकडे. चांगला मोठा प्रिंट काढला, फ्रेम केला आणि त्यांच्या घरी नेऊन दिला. तिथे मार्लिसकाकू भेटल्या, त्यांची बायको. फोटोकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "हं. वेगळा आहे." मी आपली खूश, कौतुक समजून!

मग कॉफी ओतता ओतता त्यांनी हळूच विचारलं, "मेघा, आमचा दोघांचा एक काढशील? लग्नानंतर आमचा दोघांचा असा धड एकही फोटो नाही. दर वेळी आम्हा दोघांपैकी एक जण कॅमेऱ्यामागे."

"आणि लवकर काढ बरं का," काका हसत म्हणाले, "माझ्या हृदयाचे दोन पार्ट गेल्या हिवाळ्यातच बदललेत."

मी हो म्हटलं. आणि काढला का? नाही! मे महिन्यात म्हटलं, लाइट बरोबर नाही. जूनमध्ये म्हटलं, ढग नाहीत. जुलैमध्ये काकू नवा ब्लाउज घालून तयार होऊन बसल्या होत्या, तरी मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. खरं कारण सांगू? त्यांचं घर फार चांगलं होतं हो! भिंतींना पांढरंशुभ्र प्लास्टिकचं आवरण, छपरावर टीव्हीची डिश, दारात लालभडक जिरेनियमच्या कुंड्या. त्यात माझी ती उदास प्रेअरी कुठे बसवणार? मला दोघं पडक्या कोठारापाशी हवे होते, धुक्यात. आणि काकूंचे गुडघे तिथवर चालायला तयार नव्हते.

सप्टेंबरात एका शनिवारी त्यांच्या गावावरून जात होते. गाव म्हणजे एक चर्च, एक धान्याचं कोठार आणि एक कॅफे. दुपारी दोनलाच बंद होणारा कॅफे, त्यामुळे दाराला कुलूप. सहज काचेतून आत डोकावले आणि पायांखालची जमीन सरकली.

समोरच्या भिंतीवर हॅरल्डकाकांचा फोटो. मी काढलेला. त्याला गव्हाच्या ओंब्यांचा हार. खाली छोटा दिवा. शेजारी फुलं.

आता तुम्हीच सांगा, फ्रेम केलेला फोटो, त्याला हार आणि पुढ्यात दिवा! आपल्या माणसाला याचा दुसरा काही अर्थ लागेल का? मी तिथेच फूटपाथवर बसले आणि ढसाढसा रडले. तीनदा टाळलं मी त्यांना! एक फोटो मागितला होता बिचाऱ्यांनी, एक!

मंदारला फोन केला.

"मंदार, हॅरल्डकाका गेले रे!"

"काय सांगतेस! कोणी सांगितलं?"

"फोटोला हार घातलाय."

"अगं, पण काकूंना फोन करून विचार तरी."

"काय विचारू? काका आहेत की गेले?"

मग दोघांचं ठरलं, मी दुसऱ्या दिवशी समाचाराला जायचं. रिकाम्या हाताने कसं जाणार? दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मुगाची खिचडी केली, बिनतिखटाची, कुकरभर. पांढरा ड्रेस काढला. मंदार दारात उभा राहून सूचना देत होता.

"आणि निघताना 'येते' म्हणू नकोस."

"अरे, मी इंग्लिशमध्ये बोलणार आहे!"

"मग 'सी यू अगेन' म्हणू नकोस!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्यांच्या अंगणात गाडी लावली. आणि उरलीसुरली शंकाही फिटली. सात-आठ पिकअप उभे. बायका झाकलेली भांडी घेऊन आत चालल्यात. पुरुषमंडळी सगळी शेडमध्ये, आणि आतून हातोड्याचे आवाज येतायत. माझ्या अंगावर काटाच आला. इथे शवपेटी घरच्या घरी बनवतात की काय?

मार्लिसकाकू एप्रन लावून बाहेर आल्या. हसत! मनात म्हटलं, काय धीराची बाई आहे. मी कुकर गाडीच्या टपावर ठेवला आणि त्यांना जी मिठी मारली ती सोडेचना.

"अगं, किती बरं केलंस आलीस," त्या म्हणाल्या. "ये, ये. लेमन बार खा."

समाचाराला गेल्यावर गोड? "नको नको, मला जाणार नाही."

"मग कॉफी तरी?"

"काही नको काकू. तुम्ही बसा. तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?"

"मी? तीन बार खाल्ले!"

दुःखात माणसाचं कसं होतं बघा, मी मनात म्हटलं. आणि मग मला राहवलंच नाही. त्यांचे दोन्ही हात धरले आणि भडाभडा सगळं ओकले.

"काकू, मला माफ करा. मी खोटं बोलले तुमच्याशी. लाइट चांगला होता. तिन्ही वेळा चांगला होता! मला तुमचं घर आवडलं नव्हतं. म्हणजे घर छान आहे, हाच प्रॉब्लेम होता. मला पडकं हवं होतं. माझ्या फोटोला लोकांनी वाहवा म्हणावं म्हणून मी तुम्हाला टाळत राहिले. आणि आता काका तुमच्या शेजारी कधी उभे राहणार?"

काकू गोंधळून माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या.

"हे शेडचं दार रंगवून झालं की लगेच उभा राहतो," मागून आवाज आला.

मी वळले. हॅरल्डकाका! हातात ब्रश, अंगभर लाल रंगाचे शिंतोडे, आणि तीच बत्तीशी!

मी जी किंकाळी फोडली, ती मंदार म्हणतो फार्गोपर्यंत ऐकू आली असणार. शेडमधून सगळे बाहेर धावले. कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची. मी हुंदके देत देत सांगितलं की आमच्याकडे हार घातलेला फोटो म्हणजे काय असतं. आणि मग जो हशा उसळला! एक आजोबा तर पोट धरून ट्रॅक्टरलाच टेकले.

खरा प्रकार असा की गावाच्या सुगीच्या जत्रेत दर वर्षी मिरवणूक निघते. गावातलं एखादं जुनंजाणतं माणूस पुढच्या गाडीवर मानाने बसतं. यंदा तो मान काकांचा. म्हणून कॅफेत फोटो, म्हणून जेवणाची भांडी, आणि शेडमध्ये मिरवणुकीच्या गाडीची ठोकाठोक!

"म्हणजे तू माझ्यासाठी रडत होतीस?" काकांनी विचारलं. आता मात्र ते हसत नव्हते. "एवढं कोणी रडेल असं वाटलं नव्हतं."

मला पुन्हा भरून आलं. पण या वेळी मी रडत बसले नाही. गाडीकडे पळाले आणि कॅमेरा घेऊन आले.

"आत्ता! इथेच! दोघं उभे राहा!"

"थांब, ब्लाउज बदलून येते," काकू म्हणाल्या.

"अजिबात नाही! हलायचं नाही!"

डोक्यावर बारा वाजताचं ऊन, फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात ज्याला वाईट म्हणतात तसं. मागे ती पांढरी भिंत, ती डिश, त्या लाल कुंड्या. काकूंच्या एप्रनवर पीठ, काकांच्या नाकावर रंग. मी हसा म्हटलं नाही आणि हसू नका असंही म्हटलं नाही. काका वाकून काकूंच्या कानात काहीतरी पुटपुटले, काकूंनी लाजून हातातल्या फडक्याने त्यांना फटका मारला, आणि मी बटण दाबलं. काय बोलले ते दोघांनी मला अजून सांगितलेलं नाही.

खिचडी सगळ्यांनी मिळून संपवली. एकाने तिच्यावर केचप घातला, पण त्या दिवशी मी काही बोलण्याच्या परिस्थितीत नव्हते.

पुढच्या शनिवारी, मिरवणुकीच्या सकाळी, मी प्रिंट घेऊन गेले. रंगीत! काकूंनी फोटो हातात घेतला. मग एप्रनने डोळे पुसले. काका म्हणाले, "हा कॅफेत लावू या. तो जुना काढून टाका."

आता कलाकाराला लागणारच की हो! मी विचारलं, "का? तो पहिला चांगला नव्हता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इथली माणसं कुणाला दुखवायचं म्हटलं की छताकडे बघतात. दोघंही छताकडे बघायला लागले.

"चांगलाच होता," काकू शेवटी म्हणाल्या. "फक्त कॅफेत लावल्यावर दोन दिवसांत तीन जणांनी फोन करून विचारलं, फ्युनरल कधी आहे?"

"अहो, त्यांनाही तो हार बघूनच तसं वाटलं असणार!" मी सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा, म्हणजे मी एकटीच वेडी नाही!"

"नाही गं," काकू माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, "हार आम्ही नंतर घातला. फोटो जरा आनंदी दिसावा म्हणून."